खेळण्यांसाठी कूलर

मिल्या,

तुझ्या त्या लहानपणच्या आठवणींच्या ग्रुपवाल्यांनी माझ्याकडं लेख मागितलाय. 'मिलिंदचं सोनेरी बालपण' असं नावसुद्धा त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. रविवारची कार्टून, चावीची खेळणी, बॅगी पँटी, सगळं येऊ द्या म्हणाले, आणि शेवट जरा हळवा करा. तुझ्याच वयाची, पोटं सुटलेली, नोकरीधंदे नीट करणारी माणसं आहेत. वाईट नाहीत. मी लिहिते म्हणाले. नाव मात्र बदललंय, आणि हळवं करायचं काम माझ्याच्यानं होणार नाही हे त्यांना तेव्हाच सांगितलं.

मी चिडलेय तुझ्यावर. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या कोरड्या डोळ्यांकडं बघतात आणि आपसात म्हणतात, थोरली बहीण आहे, धक्का बसलाय. धक्का-बिक्का काही नाही. माणूस समोर असता तर दोन तास भांडले असते, मग चहा केला असता. आता भांडण अर्ध्यात टाकून तू उठून गेलास, आणि ते घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ?

भांडण कशावरून होतं ते ग्रुपवाल्यांना माहीत नाही, म्हणून सांगते. उस्मानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर तुझं घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खोलीत तुम्ही तिघं. दुसऱ्या खोलीत तुझी खेळणी. तुझी मुलगी मैत्री यंदा दहावीला, आणि ती अभ्यास करायची फ्रिजच्या बाजूला, पॅसेजमध्ये, घडीच्या टेबलावर. फ्रिज उघडायचा तर तिला उठावं लागायचं. ती खोली मैत्रीला दे, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि तू गेल्यावर तुझे मित्र म्हणाले, खोली आहे तशी ठेवू, रविवारी ग्रुपच्या लोकांसाठी उघडू, मिलिंदची आठवण म्हणून. म्हणजे तू गेलास तरी खोली तुझीच.

त्यांच्या सोनेरी बालपणाचं आधी बघू.

मागच्या वर्षी तू ग्रुपवर लिहिलं होतंस, 'रविवारी सकाळी घरातले सगळे टीव्हीसमोर बसायचो, आई गरम पोहे आणून द्यायची.' खाली शंभर लोकांनी बदाम टाकले. मी तुला फोन केला आणि विचारलं, सगळे म्हणजे कोण रे? तू म्हणालास, आपण सगळे, तू पण होतीस की. मी म्हटलं, मी नळावर होते. तू हसलास. म्हणालास, ताई, तू पण ना.

मी पण ना, काय? आपल्या गल्लीला पाणी यायचं रविवारी सकाळी, बरोबर तुझ्या कार्टूनच्या वेळेला. बाबा रेशनच्या रांगेत, आई धुण्यावर, आणि हंडे घेऊन मी. दहाव्या वर्षापासून ते लग्न होईपर्यंत. तू पोरगा, त्यात धाकटा, त्यात तुला दम लागतो असं आईनं ठरवलेलं. दम तुला कधीच लागत नव्हता. उलट्या टोपीत, त्या मागून लाल दिवे लागणाऱ्या बुटांत तू गल्लीभर पळायचास. हंडा दिसला की दम लागायचा.

टीव्हीवर काय चाललंय ते मी येता-जाता दारातून बघायची. भरलेला हंडा कमरेवर असताना थांबता येत नाही. म्हणून मला सगळी कार्टून तुकड्या-तुकड्यांतच माहीत आहेत. कुणीतरी पळतंय, कुणीतरी पडतंय, आणि मी पुन्हा नळाकडं.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूनं लिहायला पाहिजे, नाहीतर खोटं होईल. कार्टून संपलं की तू नळावर यायचास आणि ते सगळं करून दाखवायचास. रिकामी बादली डोक्यात घालून, आवाज काढून, गटारावरून उड्या मारून. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एक मावशी होत्या, कायम कावलेल्या, त्यासुद्धा म्हणायच्या, "मिल्या, त्या सशाचं पुन्हा दाखव रं." तो ससा पाण्याच्या टाकीत पडायचा आणि टाकीच पिऊन टाकायचा, मग त्याच्या कानांतून पाणी यायचं आणि सगळ्या गल्लीचे हंडे भरायचे.

परवा अमोलनं, तुझ्या ग्रुपच्या त्या मुख्यानं, मला लेखासाठी मदत म्हणून त्या कार्टूनचे जुने भाग पाठवले. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी बसून बघितले. ससा आहे. टाकी कुठंच नाही. मी पुढचा भाग बघितला, त्याच्या पुढचा बघितला. नाहीच. ते तू बनवलं होतंस. तिथं, नळावर, उभ्या उभ्या. मग आणखी काय काय तुझं होतं आणि काय टीव्हीचं, हे मला आता कोण सांगणार? स्टोअरमधल्या पोरी विचारत होत्या, मॅडम, काय झालं, डबा का नाही खाल्ला? मी त्यांना म्हटलं, भाजी आंबलीय.

तुला ते छान जमायचं हे मी तुला कधी म्हणाले नाही. पण तेही लिहून ठेवते की एक हंडा उचलला असतास तर मला जास्त आवडलं असतं.

खेळण्यांचं खूळ सुरू झालं ते नदीममुळं. तुझा शाळेपासूनचा दोस्त, शहागंजात त्याच्या अब्बांचं खेळण्यांचं दुकान. अब्बा थकले, दुकान आवरायला काढलं, तेव्हा माळ्यावर न विकलेला माल निघाला. त्यातला एक खेळ नदीमनं तुला दिला. पारदर्शक डबी, आत पाणी, बटण दाबलं की रंगीत रिंगा उडतात आणि काडीवर बसतात. तुझ्याकडं लहानपणी तसाच होता. मैत्री तेव्हा पाळण्यात होती. मला वाटलं पोरीसाठी आणलंस. तू ती डबी तशीच पाकिटात कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीस.

मग येतच राहिलं. चावीचा बेडूक, झांज वाजवणारं माकड, पैलवानांची कार्डं, च्युइंगमबरोबर मिळणारी चित्रं, टीव्हीला जोडायचे गेम. काचेची कपाटं आली. भिंतीवर हँगरला तुझी ती खालून फुगलेली पँट आणि दिव्यांचे बूट. माझं त्या काळातलं काहीच नाही तुझ्या खोलीत. असणार कसं, माझं जे होतं ते वापरून संपलं. फुग्याच्या बाह्यांचा एकच फ्रॉक होता मला, तो आखूड झाल्यावर आईनं त्याचं पायपुसणं केलं. बरोबरच केलं.

मैत्री पाच वर्षांची असताना खोली एकदा उघडी राहिली. मी तिथंच होते. तिनं बेडूक काढला, फरशीवर ठेवला, चावी दिली. तो टुणटुण उडत सोफ्याखाली गेला आणि पोरगी हसून लोळायला लागली. तू आलास. ओरडला नाहीस, हात उगारला नाहीस. सोफ्याखालून बेडूक काढलास, पुसलास, आणि म्हणालास, "बाळा, हा खेळायचा नाही. हा ठेवायचाय."

"मग खेळायचा कुठलाय?" तिनं विचारलं.

तू खोक्याचं झाकण लावत होतास. तिला बाहेर नेऊन तू दाराला बाहेरून कुलूप घातलंस. त्यानंतर तिनं त्या खोलीचं नाव कधी काढलं नाही. तू मला म्हणालास, बघ, किती समजूतदार आहे. मिल्या, पाच वर्षांचं पोर समजूतदार झालं तर आईबापानं जरा घाबरायला पाहिजे. हे मी तेव्हाच बोलले होते. तुला आठवत असेल तर बघ.

आणि मग तो कूलर.

आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते काय सांगायचं. प्लॅस्टिक मऊ पडतं, चिकट होतं, रंग उडतो, म्हणून काही वर्षांपूर्वी तू खेळण्यांच्या खोलीत कूलर लावलास. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आत कूलर घुरघुरतोय. बाहेर पॅसेजमध्ये मैत्री ओला रुमाल मानेवर टाकून बीजगणित करतेय. नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, बाकीचे दिवस टँकर, तुझी बायको वैशाली भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून फरशी पुसतेय. आणि तुझा कूलर दिवसाला टाकीभर पितोय. वैशाली तुला बोलली नाही, कारण वैशाली कुणालाच बोलत नाही. ती गोड आहे, हा तिचा गुण नव्हे, हे मी तिला तिच्या तोंडावर सांगितलंय.

मी चिकलठाण्याच्या कंपनीत वीस-पंचवीस वर्षं स्टोअर बघते. खोक्यातला माल कशानं खराब होतो हे सांगायला मला पुस्तक लागत नाही. म्हटलं, बंद खोलीत कूलर लावू नको, दमट होतं, पुठ्ठा फुगेल, पत्र्याला गंज येईल. लावायचाच तर खिडकी उघड. तू म्हणालास, "तुझ्या स्टोअरमधली खोकी आणि हे एक आहे का, ताई?"

मी म्हटलं, पुठ्ठ्याला ते कळत नाही.

यंदा एप्रिलच्या शेवटी मी पुन्हा आले. मैत्रीची नववीची परीक्षा झाली होती. या वेळेला ठरवूनच आले होते. तू आधी हसण्यावारी नेलंस, मग चिडलास. म्हणालास, "तुला नाय कळायचं. मला एवढंच सुख आहे." मी विचारलं, आणि बायको, पोरगी? तू म्हणालास, "ती आहेतच की." मग शेवटी, मला गप्प करायला, म्हणालास, शाळा उघडायच्या आत करतो खोली खाली. मी जिना उतरताना वरून ओरडलास, "पोहचल्यावर मिस कॉल दे." मी दिला नाही. रागात होते.

मेमध्ये टँकर आला त्या सकाळी सोसायटीची लिफ्ट बंद होती. वैशाली सांगते, आदल्या दिवसापासून तुझ्या छातीत जळजळत होतं आणि तू गोळी चघळत होतास. ती म्हणाली, डॉक्टरकडं जाऊ. तू म्हणालास, ॲसिडिटी आहे. मग तू खाली गेलास आणि दोन कॅन भरून तीन मजले वर आणलेस. घरात पिण्याचं पाणी होतं. ते कॅन कूलरसाठी होते. एक ओतून झाला. दुसरा दारात होता, आणि तू कपाटाला टेकून खाली बसलास.

डॉक्टर म्हणाले, कॅन उचलले म्हणून झालं असं धरू नका, दुखणं आधीपासूनच असणार. मी त्यांचं ऐकून घेतलं. मला पटलं नाही. ज्या पोरानं माझ्यासाठी एक हंडा उचलला नाही, त्यानं शेवटी पाणी वाहिलं ते पत्र्याच्या बेडकासाठी. याला मी काय म्हणू? तुझे मित्र म्हणतात, किती निरागस होता मिलिंद. निरागस.

पुण्यानुमोदनाला तुझे ग्रुपवाले सगळे आले होते, पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, मग बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. अमोल म्हणाला, मिलिंदनं आमचं बालपण जपून ठेवलं. मग त्यानं त्या खोलीचं जाहीर केलं, रविवारी उघडायची वगैरे. वैशालीनं मान हलवली. त्या दिवशी ती सगळ्यालाच मान हलवत होती. मैत्री पाहुण्यांना पाणी देत फिरत होती, आणि पाहुण्यांच्या पिशव्या ठेवायला जागा पाहिजे म्हणून तिची पुस्तकं कुणीतरी फ्रिजवर रचली होती. पोरगी रडलेली नव्हती. बायका म्हणत होत्या, बापासारखी धीराची आहे. रडायला ती जाणार कुठं होती? एका खोलीत तुझा फोटो आणि माणसं, दुसऱ्या खोलीला कुलूप, पॅसेजमध्ये चपला.

मी तिथं तमाशा केला नाही. अमोलला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पुढच्या रविवारी या, सामान बघू, मग ठरवू.

रविवारी अमोल आला, नदीम आला. किल्ली वैशालीनं माझ्या हातात दिली. दार उघडल्याबरोबर वास आला. ओल्या गोणपाटाचा. मी मागं सरले, नदीम पुढं गेला.

आम्ही एकेक कपाट उघडत गेलो. खोकी फुगून एकमेकांना चिकटलेली. आतल्या बाजूला पांढरी बुरशी. पैलवानांची कार्डं एकत्र होऊन त्यांची वीट झालेली. बेडूक काढला तर चावी जाग्यावर गंजून बसलेली, फिरेना. माकडाच्या झांजा हिरव्या पडलेल्या. दहा-बारा वर्षं पोरीच्या हाताला लागू दिलं नाहीस, आणि तुझ्याच कूलरनं खाल्लं, मिल्या. मला आनंद झाला नाही. होईल असं मला वाटलं होतं.

नदीम बेडूक हातात घेऊन फरशीवर बसला. "बाजी, मैं बोला था उसकू," तो मला म्हणाला. "कूलर मत लगा बोल के. सुनताइच नै था." मग म्हणाला, "जान थी उसकी इसमें."

"जान छातीत होती, नदीम," मी म्हटलं. "तिथं बघायचं होतं त्यानं."

अमोलनं तरी एकदा प्रयत्न केला. प्लॅस्टिकचं बरंचसं चांगलं आहे म्हणाला, साफ करून घेऊ, निदान एक भिंत तरी ठेवू, मैत्रीला पण वडिलांची आठवण राहील. मी म्हटलं, मैत्रीच्या नावानं तुम्ही बोलू नका आणि मीही बोलत नाही. ती पॅसेजमध्ये बसलीय. तिलाच विचारा.

ती दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर. इतक्या वर्षांची सवय, आत पाय टाकेना. नदीमच उठला, तिच्याजवळ गेला आणि विचारलं, "बेटा, यातलं तुला काय पाहिजे ते सांग. जे म्हणशील ते राहील."

तिनं कपाटांकडं बघितलंच नाही. म्हणाली, "दार पाहिजे. आतून कडी लागणारं."

मिल्या, त्या दाराला आतून कडी नव्हती. कपाट बसत नव्हतं म्हणून तूच कधीतरी काढून टाकली होतीस. बाहेरून कुलूप होतं, आतून काही नाही. अमोल चष्मा पुसत खिडकीकडं गेला, आणि खिडकी त्यानंच उघडली.

सामान संध्याकाळपर्यंत निघालं. गंजलेलं भंगारात गेलं. प्लॅस्टिकचं नदीमनं नेलं, शहागंजातल्या त्याच्या गल्लीत पोरांना वाटायला. मी अट घातली की पाकिटं इथंच फोडायची, माझ्यासमोर, म्हणजे पुन्हा कुणाच्या कपाटात जाणार नाहीत. तुझी पँट वैशालीनं ठेवून घेतली. मी हरकत घेतली नाही. कूलर उचलून मोठ्या खोलीत लावलाय, खिडकी उघडी ठेवून. नदीमनं शहागंजातून कडी आणली आणि स्वतः बसवली. स्क्रू आवळताना तो रडत होता आणि मला सांगत होता की लोखंडाचा चुरा डोळ्यांत जातोय.

भिंतींना चुना दिला, टेबल आत नेलं, पुस्तकं फ्रिजवरून उतरवली. परवा मैत्रीची शाळा उघडली.

तुझ्यावरचा राग अजून तसाच आहे. तो मी ठेवणार आहे, कारण तुझ्याबद्दल सगळे गोड बोलत असताना खरं बोलणारं कुणीतरी घरचं पाहिजे, आणि मैत्रीला कधी तुझा राग आला तर तिला कुठं जायचं ते माहीत पाहिजे. मी तिला तसं सांगितलंय. ती म्हणाली, "आत्या, येतो गं कधीकधी." मी म्हटलं, येऊ दे.

टेबल लावून झालं त्या संध्याकाळी तिनं आम्हाला दोघींना बाहेर जायला सांगितलं, दार लोटलं आणि कडी लावली. मग आतून ऐकू आलं. आधी उशीत तोंड दाबल्यासारखं, आणि मग मोकळं, मोठ्यानं, लहान पोर रडतं तसं. वैशाली उठून दाराकडं निघाली. मी तिचा हात धरला आणि खाली बसवलं. आत तुझी पोरगी होती, तुझ्या खोलीत, आणि तिला कुणी समजूतदार म्हणत नव्हतं.